लाल डोळ्यांचं कारण

मी पार्लरमध्ये काम करते असं सांगितलं की नवीन माणूस आधी माझ्या चेहऱ्याकडे बघतो आणि मग विषय बदलतो. त्याची चूक नाही. आमचं पार्लर गाईंचं आहे. चारशे दुभत्या गाई. एका खेपेला दहा डावीकडे, दहा उजवीकडे, आणि मधल्या खड्ड्यात आम्ही पाच माणसं. खड्डा छातीएवढा खोल, त्यामुळे गाईची कास बरोबर आमच्या डोळ्यांसमोर येते. वाकावं लागत नाही, कंबर वाचते. मात्र जे काही कासेतून उडतं, शेपटीवरून उडतं, ते थेट तोंडावर येतं. सत्तावीस वर्षं मी ते तोंडावर घेतलं आणि बाहीनं पुसलं.

सकाळच्या पाळीची मी मुकादम. पहिल्या दोन-तीन धारा हातानं काढून दुधात गुठळी नाही ना ते बघायचं, सड पुसायचे, दूध काढायच्या यंत्राचे चार कप लावायचे, दूध संपलं की कप काढून सड औषधात बुडवायचे आणि पुढची खेप आत घ्यायची. एका खेपेला अकरा मिनिटं. पाचला सुरुवात, नऊला खड्डा धुऊन मोकळा. अकराची बारा मिनिटं झाली की माझा आवाज चढायचा, तेरा झाली की कुणाची तरी धडगत नसायची. माझ्या माघारी मला सगळे घड्याळबाई म्हणत. त्यांना वाटायचं मला माहीत नाही. मला माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर आवडत होतं.

हे आधीच सांगते, कारण पुढे मी जे केलं ते या अकरा मिनिटांपायी केलं. त्याची मला लाज वाटते. दिवस जातील तशी कमी होईल असं वाटलं होतं, पण झाली नाही.

घरात आम्ही तिघं. मी, मुलगा आणि सून. मुलगा दुधाचा टँकर चालवतो, आठवड्यातले चार दिवस रस्त्यावर असतो. सून दोन वर्षांपूर्वी घरात आली आणि सहा महिन्यांत मी तिला माझ्याच पाळीला लावलं. घरात बसून करणार काय, असं मी म्हटलं होतं. तिला विचारलं नव्हतं. पोरगी कामाला वाईट नव्हती, पण हळू. गाईशी बोलत बोलत कप लावायची. कुठली गाय कुठल्या पायानं लाथ मारते, कुणाचा मागचा सड हळवा आहे, सगळं तिच्या ध्यानात. मी म्हणायचे, "अगं, ती काय तुझी मावशी आहे का? कप लाव आणि पुढे सरक." खड्ड्यात सगळे हसायचे. ती पण हसायची. ती हसते म्हणजे तिला काही लागत नाही, असा माझा हिशेब होता. घरी सासू मीच आणि कामावर मुकादमही मीच, म्हणजे पोरीला चोवीस तासांत माझ्यापासून सुटका नव्हती, हे तेव्हा माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

त्या महिन्यात तिसऱ्या गोठ्यातल्या गाईंनी खाणं टाकलं. मुरघास समोर तसाच पडून, रवंथ बंद, नाक गळतंय. दोन दिवसांत दूध निम्म्यावर आलं आणि जे आलं ते पिवळं, घट्ट, नुकत्याच व्यायलेल्या गाईच्या चिकासारखं. आणि यातली एकही नुकती व्यायलेली नव्हती. मी म्हटलं, कास बिघडली असणार, नाहीतर वैरण बदलली असणार. गुरांचे डॉक्टर आले, दुधाचे नमुने घेऊन गेले, आणि चौथ्या दिवशी मॅनेजरनं आम्हा सगळ्यांना कपडे बदलायच्या खोलीत उभं करून सांगितलं की गाईंना बर्ड फ्लू झाला आहे. मागच्या तळ्यावर रानबदकं मरून पडली होती, तीच पाण्याच्या हौदावर यायची, तिथून आला असावा.

आम्हाला हसूच आलं. पक्ष्यांचा रोग गाईला कसा होईल? पाणी मारणारा, म्हणजे पाइपनं खड्डा आणि फरशी धुणारा आमचा माणूस, म्हणाला की आता सकाळी दुधाबरोबर अंडी पण गोळा करावी लागतील. मॅनेजर हसला नाही. तो म्हणाला, हा रोग कासेत बसतो, आजारी गाईच्या दुधात तो सगळ्यात जास्त असतो, आणि ते दूध माणसाच्या डोळ्यात उडालं तर माणसालाही होतो. टँकरमधलं दूध पुढे तापवलं जातं, त्यानं तो मरतो, तेव्हा पिणाऱ्यांची काळजी नाही. काळजी खड्ड्यातल्यांची. मग त्यानं एक खोकं उघडलं. त्यात हातमोजे होते, मास्क होते आणि डोळ्यांना चारी बाजूंनी घट्ट बसणारे प्लास्टिकचे चष्मे होते.

खड्ड्यात गरम पाण्याची वाफ असते, वीस गाईंची ऊब असते. दहा मिनिटांत तो चष्मा आतून धुरकट होतो आणि समोरची कास ढगात गेल्यासारखी दिसते. काढायचा, पुसायचा, पुन्हा घालायचा. पहिल्या दिवशी आमचा खड्डा नऊला नाही, दहाला वीस मिनिटं कमी असताना मोकळा झाला. दुसऱ्या पाळीचा मुकादम वर कठड्याला टेकून उभा होता. त्यानं नुसतं मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघून हसला. सत्तावीस वर्षांत मला कुणी असं हसलं नव्हतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि तो दिवसभर मला दिसत राहिला.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः चष्मा घातलाच नाही. मी घातला नाही म्हटल्यावर बाकी तिघांनीही कपाळावर सरकवले. राहिली सून. तिनं मॅनेजरचं ऐकलं होतं तसं सगळं केलं होतं. मास्क, मोजे, चष्मा. दर गाईपाशी थांबून चष्मा पुसत होती आणि तिच्यापायी प्रत्येक खेप लांबत होती. पाचव्या खेपेला मी तिच्यापाशी गेले.

"काढ तो चष्मा."

"आई, डोळ्यात उडतं."

"माझ्या सत्तावीस वर्षं उडतंय. आंधळी झाले का मी? काढ म्हणते ना."

तिनं काढला. मी तो तिच्या हातातून घेतला आणि भिंतीवरच्या खिळ्याला अडकवला. तिच्या हातात ठेवला असता तर तिनं पुन्हा घातला असता, हे मला ठाऊक होतं, म्हणून.

शेवटच्या दोन खेपा आजारी गाईंच्या होत्या. त्यातल्या एकीनं लाथ झाडली, कप सुटले आणि ते पिवळं दूध सुनेच्या सगळ्या तोंडावर उडालं. तिनं डोळे घट्ट मिटून घेतले आणि चाचपडत पाण्याच्या नळीकडे हात नेला. मी चार हातांवर होते. मी बघितलं. पाइप उचलून तिच्या हातात द्यायला मला दोन पावलं लागली असती. मी म्हटलं, "चला, पुढची खेप." नऊला पाच मिनिटं कमी असताना आमचा खड्डा धुऊन झाला होता. त्या दिवशी मी फार खुशीत होते, हेसुद्धा सांगून टाकते.

त्याच संध्याकाळी घरी आमचं वाजलं. तिला आठ दिवस माहेरी जायचं होतं, तिच्या आईच्या पायाचं काही ऑपरेशन होतं. मी म्हटलं, इथे माणसं कमी, गाई आजारी, आत्ताच बरं आठवलं तुला माहेर. ती म्हणाली, गेल्या महिन्यापासून सांगते आहे. ते खरं होतं, म्हणून मला जास्त राग आला. माझ्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की मलाही आवरत नाही. तिच्या आईवर गेले, तिच्या वळणावर गेले. ती आत गेली आणि दार लावून घेतलं. पुढचा सगळा दिवस आम्ही एकमेकींशी कामापुरतं बोललो.

त्यानंतरच्या सकाळी ती खड्ड्यात उतरली तेव्हा तिचे दोन्ही डोळे लालभडक होते. पापण्या सुजलेल्या, सारखं पाणी वाहत होतं. मला वाटलं, हिनं रात्रभर रडून काढली आणि आता ते रडणं चारचौघांत मिरवायला आणलं. सगळी पाळी तिच्याकडे बघत होती आणि मग माझ्याकडे बघत होती. मला त्या नजरा सुईसारख्या टोचल्या. मी तिला बाजूला घेऊन दातओठ खात म्हटलं, "तोंड धुऊन ये. घरचं रडगाणं इथे नाही आणायचं."

"रडले नाही आई," ती म्हणाली. "जळतंय. आत वाळू गेल्यासारखं होतंय."

मी तिचं ऐकलं. ऐकलं नाही असं म्हणायची सोय मला नाही. तिचा शब्द न् शब्द मला आठवतो. पण लोक काय म्हणतील हे माझ्या कानात एवढं मोठ्यानं वाजत होतं की तिचं बोलणं आत शिरलंच नाही.

दहाच्या सुमाराला आरोग्य खात्याची नर्स आली. हातात वही, खांद्याला चाचणीच्या काड्यांचा डबा. त्या दिवसातला तिचा पाचवा गोठा होता म्हणे. कपडे बदलायच्या खोलीत बाकावर बसून तिनं एकेकाला विचारलं. ताप आहे का, खोकला आहे का, डोळे लाल झाले का. सगळे नाही म्हणत पुढे सरकले. सून भिंतीशी उभी होती. नर्सनं पेन थांबवलं आणि म्हणाली, "यांचे डोळे लाल दिसतात."

आणि मी हसले. मी हसून म्हटलं, "ते घरचं आहे हो. सासू-सुनेचं. माझ्यापायी रडते ती. चाचणी करायचीच असेल तर माझ्या जिभेची करा, सगळं विष तिथेच सापडेल."

खोलीत हशा पिकला. पाणी मारणारा तर बाकावर हात आपटून हसला. नर्सलाही हसू आलं. तिनं सुनेला विचारलं, "खरं का हो?" सुनेनं माझ्याकडे बघितलं. मग मान हलवली आणि ती पण हसली. नर्सनं वहीत काहीतरी टिपलं, डबा बंद केला, दारावर फोन नंबराचा कागद चिकटवला, कुणाला काही वाटलं तर लगेच कळवा म्हणाली आणि सहाव्या गोठ्याकडे गेली.

मी त्या विनोदावर खूश होते. माझं स्वतःचं माप मी स्वतःच काढलं, म्हणजे किती मोठ्या मनाची बाई, असंही कुणाला वाटलं असेल. आता मी स्वतःला खोदून विचारते की तेव्हा मला खरंच ते रडणं वाटत होतं का. सकाळी वाटत होतं. नर्सनं पेन थांबवलं तेव्हा नाही. तेव्हा मला लख्ख दिसलं होतं, ते पिवळं दूध, मिटलेले डोळे आणि खिळ्याला अडकवलेला चष्मा. आणि हेही दिसलं होतं की एकीला रोग निघाला तर अख्खी पाळी घरी बसेल आणि चष्मा कुणी काढायला लावला ते विचारतील. एवढं सगळं एका क्षणात दिसलं, आणि तरी तोंडातून विनोद आला.

शुक्रवारी तिला ताप आला. मी तापाची गोळी दिली आणि घरीच ठेवलं. शनिवारी ताप उतरेना, खोकला लागला. दारावरचा तो कागद मी कामावर जाता-येता चार वेळा बघितला आणि चारही वेळा कानाडोळा केला. मुलगा रस्त्यावरून फोन करत होता. मी सांगितलं, बदलत्या हवेचं आहे, कामावर सगळ्यांची तपासणी झाली, कुणाला काही निघालं नाही. रविवारी सकाळी कामावरून आले तर ती गादीवर भिंतीला टेकून बसली होती, कारण आडवं झालं की श्वास पुरत नव्हता. ओठ काळसर पडले होते. शेजाऱ्याच्या गाडीत घालून मी तिला दवाखान्यात नेलं. मुलगा टँकर तसाच डेपोत सोडून परस्पर तिथे पोचला.

डॉक्टर तरुण होत्या, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. त्यांनी तिची छाती तपासली, ऑक्सिजन लावला, एक्स-रे काढायला पाठवलं आणि आम्हाला विचारलं की ही काम काय करते. मुलगा म्हणाला, गाईंच्या गोठ्यात, आईबरोबर. डॉक्टरांनी मान वर केली. "तिथे जनावरं आजारी आहेत का? हिच्या डोळ्यात, तोंडात काही गेलंय का?"

मुलगा म्हणाला, "गाई आजारी आहेत, पण माणसांची तपासणी झाली डॉक्टर. परवाच झाली. कुणाला काही नाही. आईच मुकादम आहे तिथे."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. त्या थांबल्या होत्या. मी नुसती होकारार्थी मान हलवली. न बोलता खोटं बोलायला फार सोपं जातं.

त्यांनी न्यूमोनियाचं औषध सुरू केलं आणि पुढच्या पेशंटकडे गेल्या. मी बाहेरच्या बाकावर बसले. एक वाजला होता. समोर काचेचं दार, त्यापलीकडे तिची खाट, खाटेवरचा तिचा पाय तेवढा दिसत होता. मनात म्हणत होते, आता या बाहेर आल्या की सांगते. त्या दोनदा बाहेर आल्या. एकदा मी पदर सारखा केला, एकदा उठून उभीही राहिले, पण शेजारी मुलगा होता आणि त्याच्यासमोर जीभ रेटेना. म्हणजे बघा, आत सुनेला श्वास पुरत नव्हता आणि बाहेर मला माझ्या मुलाच्या नजरेची पडली होती. सव्वातीनपर्यंत मी तशी बसले होते. सव्वादोन तास. गाईंच्या बारा खेपा झाल्या असत्या.

मग आतून वॉर्डबॉय आला आणि म्हणाला की ऑक्सिजन वाढवावा लागतोय. मुलानं माझा हात धरला. "आई, तू घाबरू नकोस," तो म्हणाला. "तू होतीस म्हणून वेळेत आणलं तिला. मी तर टँकरवर होतो."

ते मला सहन झालं नाही. मी त्याचा हात सोडवला, डॉक्टरांच्या खोलीत गेले आणि दार न लावताच बोलले. "तिच्या डोळ्यात आजारी गाईचं दूध गेलंय. मंगळवारी. चष्मा मी काढायला लावला होता. गुरुवारी तिचे डोळे लाल झाले, तर तपासायला आलेल्या नर्सला मी सांगितलं की ती रडली आहे. तिची तपासणी झालीच नाही. मी होऊ दिली नाही."

डॉक्टर मला रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी बोटांवर दिवस मोजले. गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार. मग फोन उचलला आणि दोन ठिकाणी बोलल्या. सुनेला वेगळ्या खोलीत हलवायला सांगितलं, डोळ्यांतून आणि नाकातून नमुना घ्यायला सांगितलं, आणि निकालाची वाट न बघता फ्लूचं औषध लगेच सुरू करायला सांगितलं. फोन ठेवून एवढंच म्हणाल्या की हे औषध पहिल्या दोन दिवसांत दिलं तर सगळ्यात चांगलं लागू पडतं. आता बघू.

मी वळले तर मुलगा दारात उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. त्यानं मला वाट दिली. मी बाकावर येऊन बसले. तो समोरच्या भिंतीशी असलेल्या बाकावर जाऊन बसला, आणि पुढचे कित्येक दिवस तो तिथेच बसला.

निकाल आला. तिला तेच झालं होतं. गोठ्यावर सगळ्यांच्या चाचण्या झाल्या. पाणी मारणाऱ्यालाही निघाला, नुसते डोळे आले होते त्याचे, तो औषधावर घरीच बरा झाला. मला काही नव्हतं. सत्तावीस वर्षं मिरवलेलं माझं तोंड स्वच्छ निघालं. नर्स काडी डब्यात घालताना मी मनात म्हणत होते, मला निघू दे. ते निघालं असतं तरी माझी सुटका झाली नसती, पण तेव्हा तसं वाटलं.

नऊ दिवस मी तिला काचेतून बघितलं. त्यातले चार दिवस वाईट होते. नळ्या, पडदे, आत-बाहेर धावणारी माणसं. पाचव्या दिवशी तिनं डोळे उघडले आणि मुलगा काचेला कपाळ टेकून रडला. दहाव्या दिवशी वेगळ्या खोलीतून साध्या खोलीत आणलं. गोठ्यावर मी गेले नव्हते, पण मॅनेजरनं तिथे सगळ्यांना सांगितलं म्हणे की घड्याळबाईंनी प्रसंगावधान दाखवून डॉक्टरांना वेळेत सांगितलं म्हणून जीव वाचला आणि रोगही पुढे पसरला नाही. पाणी मारणाऱ्यानं ते मला फोनवर कौतुकानं ऐकवलं. मी त्याला खरं सांगायला तोंड उघडलं, आणि मूग गिळून गप्प बसले. म्हणजे डॉक्टरांच्या खोलीत एकदा खरं बोलून मी काही सुधारले नव्हते.

घरी सोडायच्या आदल्या दिवशी दुपारी आरोग्य खात्याचे एक साहेब आले. रोग कसा लागला त्याची नोंद करायची होती. प्रत्येक आजारी माणसाला ते स्वतः विचारतात, असा नियम आहे. सून उशीला टेकून बसली होती. गालाची हाडं वर आलेली, आवाज बसलेला. मी खिडकीशी पाण्याचा थर्मास धुऊन भरत होते. साहेबांनी विचारलं की संरक्षणाचं साहित्य दिलं होतं का. हो म्हणाली. वापरत होतात का. मोजे, मास्क वापरत होते म्हणाली. आणि चष्मा?

"धुरकट व्हायचा. मीच काढला."

"कुणी काढायला सांगितलं होतं का?"

"नाही. माझं मीच."

"डोळे लाल झाले तेव्हा नर्सला सांगितलं नाहीत?"

"तेव्हा घरचं काही झालं होतं. रडले होते. मला वाटलं त्यानंच."

साहेब लिहीत होते. थर्मास माझ्या हातात तसाच राहिला. या पोरीला मी आठ दिवसांचं माहेर दिलं नाही, तिच्या डोळ्यावरचा चष्मा काढून घेतला, तिच्या आजाराचा चारचौघांत विनोद केला, आणि ती मरता मरता वाचून उठल्यावर पहिलं काम करते ते माझी अब्रू झाकायचं. एवढी माया हिला माझी कधी लागली, असं मला वाटलं. वाटलं म्हणजे, त्या क्षणी मला तशी खात्रीच झाली.

मी पुढे झाले. "साहेब, ते खोडा," मी म्हटलं. "चष्मा मी काढायला लावला. तिनं नको म्हटलं होतं. नर्सला ती रडली असं मी सांगितलं, तिनं नाही. मुकादम मी आहे. माझं नाव लिहा."

साहेबांनी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. सून पांघरुणाची कड बोटांत धरून बसून राहिली. त्यांनी आधीच्या ओळी खोडल्या, माझं सांगणं खाली लिहून घेतलं, माझी सही घेतली आणि गेले.

मी तिच्या खाटेवर टेकले. गेल्या दहा दिवसांत तिच्या एवढ्या जवळ मी पहिल्यांदाच आले होते. तिच्या केसांवरून हात फिरवला. माझे डोळे भरले होते आणि मला ते लपवायचेही नव्हते.

"का गं पोरी," मी म्हटलं, "माझ्यासाठी खोटं का बोललीस?"

तिनं माझ्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. कुणी वाट विचारली आणि सांगितली, एवढ्या सरळ आवाजात ती म्हणाली, "तुमच्यासाठी नाही बोलले, आई. उद्या मला तुमच्याच घरी यायचंय."

एवढं बोलून तिला धाप लागली. मी तिला पाणी पाजलं, उशी सारखी केली, झोप म्हटलं. ती हो म्हणाली, पण झोपली नाही. मी खुर्चीत बसले तरी तिचे डोळे माझ्या हातांकडेच होते. बऱ्याच वेळानं माझ्या लक्षात आलं की मी खोलीत असेपर्यंत ती डोळे मिटणार नाही. मग मी उठले आणि बाहेर जाऊन बाकावर बसले.